उर्सुलाबाईंचा आगाऊ वाढदिवस

जर्मन माणसाशी कसं वागावं, हे बेस्टमध्ये कोणाला विचारायचं असेल तर सगळे मला विचारतात. म्हणजे विचारायचे. मार्च दोन हजार एकवीसपर्यंत.

बेस्ट हे हॉलंडमधलं गाव, आइंडहोव्हनला चिकटलेलं. इथे आपली माणसं पुष्कळ आणि जवळजवळ सगळी इंजिनियर. मी नाही. मी नागपुरात बारावीनंतर शिवणक्लास केला आणि बाकीचं आपलं आपण शिकले: सायकल, डच, ओव्हनमधला केक आणि जर्मन. भाषा नव्हे हो, भाषा कोणीही शिकतं. जर्मन पद्धत!

आता हॉलंडमध्ये राहून जर्मन पद्धत कशाला, असं तुम्ही म्हणाल. तर आमच्या बैठकीच्या खोलीच्या भिंतीपलीकडे जर्मनी आहे. तिथे उर्सुलाबाई राहतात. लग्न करून डच नवऱ्याबरोबर इकडे आल्या, नवरा गेला, बाई राहिल्या. चाळीस वर्षं हॉलंडमध्ये काढूनही त्यांनी घराच्या आत हॉलंडला पाऊल ठेवू दिलेलं नाही. नोकरीत असताना त्या लिफ्ट तपासायच्या. त्यांनी हिरवा शेरा दिला तरच लिफ्ट चालायची. आमच्याकडेही त्या तशाच बघतात.

त्यांना बघून बघून मी सगळं शिकले. वेळेच्या पाच मिनिटं आधी जाणं म्हणजे वेळेवर जाणं. वेळेवर जाणं म्हणजे उशीर. आणि उशीर झाला असेल तर घरी बसलेलं बरं. रविवारी हातोडा नाही, ड्रिल नाही. मी तर इडलीचं पीठसुद्धा शनिवारीच वाटून ठेवते. दुपारी जेवणानंतर दार आपटायचं नाही. रस्ता कितीही रिकामा असो, लाल दिवा म्हणजे लाल दिवा. आणि सकाळ-दुपार घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या, मग बाहेर बर्फ पडत असला तरी चालेल. करोना आल्यावर सगळं जग हवा खेळती ठेवा म्हणायला लागलं. आम्ही आधीपासून कुडकुडत होतो.

ह्या ज्ञानाची कीर्ती आमच्या मराठी मंडळात अशी पसरली, की ‘जर्मन शिस्त आणि आपण’ ह्या विषयावर माझं ऑनलाइन व्याख्यान ठरलं. आमच्या मंडळात आयटीत नसलेल्या बाईला व्याख्यान मिळणं म्हणजे काय, हे मंडळात असलेल्यांनाच कळेल.

आणि त्याच आठवड्यात उर्सुलाबाईंचा पंच्याहत्तरावा वाढदिवस आला.

“अहो,” मी भानुदासला म्हटलं. भानुदास माझा नवरा. तो तेव्हा माळ्यावर लॅपटॉप लावून कंपनी चालवत होता आणि फक्त चहाला खाली यायचा. “शनिवारी उर्सुलाबाईंचा वाढदिवस आहे.”

“मग शनिवारी जा.”

“शनिवारी त्यांची भजनातली मैत्रीण येणार. दिवसाला एकच पाहुणा चालतो.” त्या दिवसांत तसा नियमच होता. चर्चमधल्या गाण्याला मी सोयीसाठी भजन म्हणते.

“मग रविवारी जा.”

“रविवारी? उशिरा? जर्मन माणसाकडे?”

भानुदासने चहात बिस्कीट बुडवलं.

“मी सोमवारीच जाते,” मी म्हटलं. “पाच मिनिटं आधी गेलं की त्या एवढ्या खूश होतात. पाच दिवस आधी गेले तर विचार करा.”

“करतोय,” भानुदास म्हणाला. बिस्कीट तुटून चहात पडलं.

आमची समता तेव्हा पंधरा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, पण ती उत्तर मात्र दुसऱ्या खंडातून देते. “आई, इज दॅट इव्हन अ थिंग?”

“आपल्याकडे आहे. अॅडव्हान्समध्ये हॅपी बर्थडे. तुझा मामा मला आठवडाभर आधी पाठवतो.”

“मामा फर्गेट्स द डेट.”

सोमवारी दुपारी मी संत्र्याचा केक केला, वर एक मेणबत्ती लावली, तो उर्सुलाबाईंच्या पायपुसण्यावर ठेवला, घंटी वाजवली आणि नियमाप्रमाणे दीड मीटर मागे सरकून उभी राहिले. दार उघडलं. उर्सुलाबाईंनी केक पाहिला, मेणबत्ती पाहिली, मग मला पाहिलं. मी खणखणीत आवाजात म्हटलं, “उर्सुलाबाई, अॅडव्हान्समध्ये हॅपी बर्थडे!”

बाईंचा चेहरा मळलेल्या मैद्यासारखा झाला. ओठ हलले. “नाइन,” त्या म्हणाल्या. म्हणजे नाही. मग दार बंद झालं. अगदी हळू, दुपारची वेळ होती ना. वारा आला आणि मेणबत्ती विझली.

मी केक घेऊन घरी आले. समताने माझं तोंड पाहिलं, फोनवर काहीतरी शोधलं आणि चक्क मराठीत बोलली. तेव्हाच मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

“आई, जर्मन लोकांत असं करत नाहीत. वाढदिवसाच्या आधी विश केलं तर ते बॅड लक असतं. खूप बॅड. म्हणजे तो माणूस वाढदिवसापर्यंत… यू नो.”

“काय नो?”

“मेबी पोचत नाही.”

भानुदास जिन्यात उभा राहून ऐकत होता. “थोडक्यात, तू बाईंना केक लावून धमकी देऊन आलीस,” तो म्हणाला.

“एवढ्या लिफ्टवाल्या बाई असल्या गोष्टी मानतील?” मी म्हटलं. पण दोन वर्षं त्यांना बघत होते, हे एवढं कसं कोणी सांगितलं नाही? कसं सांगणार? मी कोणाला विचारतच नव्हते. सगळे मलाच विचारत होते.

दुसऱ्या दिवशी मागच्या बागेत, कुंपणाच्या पलीकडे उर्सुलाबाई दिसल्या. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनीच हात वर केला.

“तुमचा हेतू चांगला होता,” त्या म्हणाल्या. आम्ही दोघी डच बोलतो. त्यांचं जर्मन वळणाचं, माझं नागपुरी. “पण गुरुवारी मी लस घ्यायला जाणार नाही. शनिवार होईपर्यंत मी घराबाहेर पडणार नाही.”

“अहो, पण लस!” मी म्हटलं. “पुढची वेळ कधी मिळेल?”

“मे महिन्यात, म्हणाले.”

“आणि बाळ?”

 त्यांच्या मुलीला, काट्याला, गेल्या पावसाळ्यानंतर मुलगा झाला होता, तिकडे जर्मनीत म्युन्स्टरला. गाडीने दोन-अडीच तासांचं अंतर, पण बाईंनी नातवाला अजून फक्त फोनवरच पाहिलं होतं. लस घेतल्याशिवाय येऊ नको, असं काट्याने बजावलं होतं. मी रोज भिंतीपलीकडून त्यांना त्या फोनशी बोबडं बोलताना ऐकत होते. लिफ्टला हिरवा शेरा देणाऱ्या बाई!

“मी अंधश्रद्धाळू नाही,” उर्सुलाबाई म्हणाल्या. “पण लिफ्टच्या दोराची शंका आली की लिफ्ट बंद ठेवायची. तपासणी होईपर्यंत. नियम आहे.” मग जरा थांबून म्हणाल्या, “पीटचा वाढदिवस सोमवारी होता. ऑफिसने शुक्रवारीच केक आणला, शनिवार-रविवार मध्ये येत होते म्हणून. आम्ही खूप हसलो. रविवारी सकाळी तो उठलाच नाही.”

पीट म्हणजे त्यांचे यजमान. यावर काय बोलावं, हे मला अजूनही सुचलेलं नाही. तेव्हाही सुचलं नाही, म्हणून भलतंच बोलले.

“तपासणी हवी ना? आमच्याकडे आहे.”

“कसली?”

“ह्याचीच. कोणाचं भलं-वाईट बोलणं लागलं असेल तर ते काढायची. भारतात घरोघरी करतात.”

उर्सुलाबाईंच्या डोळ्यांत पहिल्यांदा थोडा उजेड आला. “अधिकृत पद्धत आहे?”

“एकदम,” मी म्हणाले.

आता खरं सांगते. भारतात घरोघरी करत असतील, आमच्या घरी करत नाहीत. आम्ही बौद्ध. माझ्या सासऱ्यांनी आख्ख्या वस्तीत फिरून दृष्ट, लिंबू, मिरची, काळा दोरा ह्यांच्यावर भाषणं दिली होती. मी सासरी आले तेव्हा माझ्या पेटीतली काजळाची डबीसुद्धा त्यांनी दोनदा उघडून बघितली होती. दृष्ट काढताना मी जन्मात कोणाला नीट पाहिलं नव्हतं.

“तू? मिरच्या ओवाळणार?” भानुदास म्हणाला. “बाबांना कळलं तर नागपूरहून विमान बंद असलं तरी चालत येतील.”

“मी कुठे मानते? त्या मानतात.”

“त्या जर्मन अपशकुन मानतात. तू त्यावर मराठी उतारा काढणार. हे म्हणजे सॅमसंगच्या फोनला नोकियाचा चार्जर.”

“बसतो कधीकधी,” मी म्हटलं आणि आसावरीला व्हिडिओ कॉल लावला.

आसावरी आमच्या मंडळाची सेक्रेटरी, पुण्याची. तिच्या सासूबाई तीन महिन्यांसाठी म्हणून आल्या होत्या आणि विमानं बंद झाल्यामुळे वर्षभर बेस्टमध्येच होत्या. त्यामुळे फोनवर एकीला बोलावलं की दोघी यायच्या.

“सुमतीताई, तुम्ही? आणि दृष्ट?” आसावरीने चष्मा वर केला.

“शिकव. आणि मंडळात बोलू नकोस.”

“छे हो. मीठ, मोहऱ्या आणि सात सुक्या मिरच्या. माणसावरून उतरवायच्या आणि गॅसवर जाळायच्या.”

“पाच,” मागून सासूबाई म्हणाल्या.

“आई, आमच्याकडे सात घेतात.”

“म्हणून तुमच्याकडे सगळ्यांना सारखं काहीतरी होत असतं.”

बुधवारी दुपारी मी उर्सुलाबाईंच्या स्वयंपाकघरात गेले. फोन टेबलावर पेल्याला टेकवून ठेवला, त्यात आसावरी आणि सासूबाई. उर्सुलाबाई खुर्चीत ताठ बसल्या, मास्क लावून. त्यांच्या हातात मोजपट्टी होती.

“दीड मीटर,” त्या म्हणाल्या.

दीड मीटरवरून माणसावर मिरच्या उतरवायला हात कमीत कमी गिबन माकडाचा हवा. शेवटी बाईंनी खिडक्या पुसायची लांब काठी आणली, मी तिला माझा पुऱ्यांचा झारा बांधला आणि झाऱ्यात मीठ-मोहऱ्या ठेवल्या. मिरच्यांपाशी गाडी अडली.

“किती?” उर्सुलाबाईंनी विचारलं.

“सात,” आसावरी म्हणाली. “पाच,” सासूबाई म्हणाल्या.

मी भाषांतर केलं. उर्सुलाबाईंच्या कपाळावर आठी उठली. “स्टँडर्ड कोणतं?”

“घरावर आहे,” मी म्हटलं.

“घराघरात वेगळं? मग तपासणी तुलनेला कशी येणार?” त्यांनी क्षणभर विचार केला. “सहा घ्या. सरासरी. देठांसकट की देठांशिवाय?”

फोनमध्ये दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. “देठांसकट,” मी ठणकावून सांगितलं. तेवढ्यात त्यांनी पुढचं विचारलं: घड्याळाच्या दिशेने की उलट? मी म्हटलं, घड्याळाच्या. जर्मन माणसाला घड्याळाच्या उलट कसं फिरवणार?

मी काठी फिरवायला लागले. “आता म्हणा,” आसावरी म्हणाली, “आल्यागेल्याची, पाव्हण्यारावळ्याची, शेजारणीची…” आणि थांबली. “सुमतीताई, शेजारीण म्हणजे तुम्हीच ना?”

“म्हण पुढे,” मी म्हटलं.

काठी खाली आली. मी झाऱ्यातलं सगळं तव्यावर ओतलं आणि गॅस मोठा केला.

“मिरची कोणती घेतलीत?” आसावरीने सहज विचारलं. “आम्ही ब्याडगी वापरतो.”

“भिवापुरी,” मी म्हटलं. “आईने पाठवलेली.”

ज्यांना भिवापूर माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ब्याडगी मिरची भाजीला रंग देते. भिवापुरी मिरची माणसाला रंग देते. आमच्या आईच्या घरी तिची फोडणी करायची असेल तर आधी लहान मुलांना अंगणात पाठवतात.

तव्यातून एक निळसर धूर उठला. अगदी शांतपणे वर आला, खोलीभर पसरला, आणि मग आम्हा दोघींना एकदम ठसका लागला. उर्सुलाबाईंनी मास्क काढला, चष्मा काढला, डोळ्यांतून धारा. छतावरचा धुराचा अलार्म किंचाळायला लागला. बाई आयुष्यभर शिकलेलं एकच काम ह्या वेळी बिनचूक करणार होत्या आणि त्यांनी ते केलं: घरातल्या पुढच्या-मागच्या सगळ्या खिडक्या सताड उघडल्या.

धूर रस्त्यावर गेला. समोरचा हेंक कुत्र्याला घेऊन चालला होता. आधी हेंक खोकला, मग कुत्रा. आणि त्याच वेळी, माझ्याच शिस्तीप्रमाणे, आमच्या घराच्याही सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. माळ्यावर भानुदास जर्मन ग्राहकांना काहीतरी समजावत होता. तो असा खोकला की पलीकडच्या सगळ्या चौकटींतली माणसं मागे सरकली, जणू व्हायरस वायरमधून येणार आहे. “लवकर बरे व्हा,” ते एका सुरात म्हणाले आणि मीटिंग बंद केली. खालच्या मजल्यावर समता ऑनलाइन वर्गात खोकली. तिच्या बाईंनी तिला तिथल्या तिथे टेस्ट करायला सांगितलं.

इकडे मी आणि उर्सुलाबाई दोन खिडक्यांतून दोन डोकी बाहेर काढून उभ्या होतो. टेबलावरून सासूबाईंचा आवाज आला. धूर फोनमधून जात नाही, त्यामुळे त्या मजेत होत्या.

“ठसका लागला का गं?”

“लागला,” मी कसंबसं म्हटलं.

“मग दृष्ट नव्हतीच. दृष्ट असती तर मिरचीचा वाससुद्धा आला नसता.”

मी डोळे पुसत त्याचं डच केलं. उर्सुलाबाईंनी नाक शिंकरलं आणि माझ्याकडे बघितलं.

“म्हणजे रिझल्ट निगेटिव्ह?”

“निगेटिव्ह.”

“लिफ्ट सुरू,” त्या म्हणाल्या आणि ठसक्यातच हसायला लागल्या. पीटच्या केकला त्या अशाच हसल्या असतील, असं मला उगाच वाटलं.

गुरुवारी मी सोबतीला गेले. लसीकरणाच्या हॉलच्या दाराशी टेबल होतं, काचेमागे एक सावळी, तरतरीत मुलगी. तिने नाव बघितलं आणि ठरलेला प्रश्न विचारला, “कालपासून खोकला वगैरे काही?”

मी उर्सुलाबाईंकडे बघितलं. दीड मीटरवरून कोणाला कोपरखळी मारता येत नाही.

“होय,” उर्सुलाबाई म्हणाल्या. “काल दुपारी. फार जोरात. मला, ह्यांना, ह्यांच्या यजमानांना, मुलीला, समोरच्या हेंकला आणि त्याच्या कुत्र्याला.”

मुलीचा हात थांबला. मागच्या रांगेतल्या आजोबांनी दीड मीटरचे तीन मीटर केले.

म्युन्स्टरचं ते बाळ माझ्या डोळ्यांसमोरून पार मे महिन्यात गेलं. “अहो, तो तसला खोकला नाही,” मी पुढे झाले. “मिरच्या होत्या. मी त्यांच्यावरून फिरवल्या. काठीने. मग जाळल्या. कारण मी आधी केक…” दृष्टीला डचमध्ये काय म्हणतात हे मला माहीत नव्हतं. जितकं समजावत होते तितकी ती मुलगी सुरक्षारक्षकाकडे बघत होती.

मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं. थोडी पुढे वाकली आणि हळूच म्हणाली, “नजर?”

मला तिला मिठी मारावीशी वाटली, पण काच होती.

“नजर!” मी म्हटलं.

“माझी नानी करते,” ती म्हणाली. तिचे पणजोबा बिहारमधून डचांच्या सुरीनाम वसाहतीत गेलेले, घर तिथून हेगला आलेलं. “एकदा फ्लॅटमध्ये इतका धूर झाला की फायर ब्रिगेड आली होती. किती मिरच्या घेतल्यात?”

“सहा.”

“सहा? आमच्याकडे सात लागतात.”

माझ्या शेजारी उर्सुलाबाई ताठ झाल्या. चेहरा पुन्हा मैद्याकडे निघाला. एवढ्या धुरातून काढलेली तपासणी रद्द होणार, असं मला स्पष्ट दिसलं.

“सात भारतात,” मी शांतपणे म्हटलं. “सहा हे युरोपियन स्टँडर्ड आहे.”

मुलीने एक क्षण माझ्याकडे, एक क्षण बाईंकडे बघितलं. मग अगदी सरकारी तोंडाने मान हलवली. “बरोबर. युरोपात सहा. आत जा, डावीकडे.”

उर्सुलाबाई आत गेल्या. त्यांची पाठ मी कधी एवढी सरळ पाहिली नव्हती.

शनिवारी त्यांचा वाढदिवस झाला. भजनातली मैत्रीण आली, गेली. संध्याकाळी भिंतीवर टकटक झाली. मीही टकटक केली. त्याहून जास्त काही बोलायची हिंमत झाली नाही. मे महिन्यात त्या म्युन्स्टरला जाऊन आल्या आणि बाळाचा फोटो घेऊन कुंपणापाशी उभ्या राहिल्या. बाळ गोरंगोमटं, गंभीर, भुवया आजीच्या. फोटो काढणाऱ्यालाही तपासत होतं.

माझं व्याख्यान मात्र झालं नाही. आसावरीने मंडळात काही सांगितलं नाही, असं ती शपथेवर म्हणते. पण आजकाल मला जर्मन लोकांबद्दल कोणी विचारत नाही. भिवापुरी मिरची कुठे मिळते, एवढंच विचारतात.

मी तरीही म्हणते, मला जर्मन पद्धत कळते. नाहीतर हे सगळं निभावलं असतं का?

माझा वाढदिवस नोव्हेंबरात असतो. ऑक्टोबरात एका दुपारी घंटी वाजली. दारात उर्सुलाबाई. पायपुसण्यावर केक, त्यावर एक मेणबत्ती. त्या दीड मीटर मागे सरकून उभ्या राहिल्या. हाताची बोटं एकमेकांत घट्ट अडकवलेली. त्यांना ते बोलायला किती जड जात होतं, ते मला दिसत होतं, आणि तरी त्यांनी ते पाठ करून आणलं होतं.

“सुमती,” त्या म्हणाल्या, “अॅडव्हान्समध्ये हॅपी बर्थडे. तुमच्या पद्धतीने.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी मेणबत्ती फुंकली, त्यांना आत बोलावलं, चहा केला, केक कापला. त्या गेल्यावर दार लावलं.

आमच्या घरात असलं काही मानत नाहीत, हे मी वर सांगितलंच आहे. मी आपलं सहज, घर जरा आवरावं म्हणून, आधी सगळ्या खिडक्या बंद केल्या. मग मिरच्यांचा डबा काढला आणि सहा मोजल्या. देठांसकट.